भाग चौदा आणि चाळीस बादल्या

'ध्रुवयान' या मालिकेबद्दल मला काहीही विचारा. झोपेतून उठवून विचारा, दाढी करताना विचारा, दातांच्या डॉक्टरसमोर आ करून बसलेला असताना विचारा! सव्वीस भाग, सव्वीसही तोंडपाठ. मी आठ वर्षांचा असताना दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता ही अंतराळातली मालिका लागायची आणि विक्रोळीची आमची अख्खी चाळ सामंतांच्या खोलीत जमायची, कारण टीव्ही त्यांच्याकडेच होता. आज मी सत्तेचाळीस वर्षांचा, मुलुंडचा रहिवासी आणि 'ध्रुवयानचे प्रवासी' या व्हॉट्सअॅप ग्रुपचा संस्थापक-अॅडमिन आहे. म्हणजे होतो. सांगतो.

ग्रुपवर विषय एकच, आवडता भाग. केयूरचा आवडता पाचवा. त्यात कॅप्टन दोन सूर्यांच्या निर्जन ग्रहावर उतरतो आणि त्याच्या मागून एक कोंबडा निवांत चालत जातो. शूटिंग मनोरीच्या किनाऱ्यावर, त्याला कोण काय करणार! पण केयूर दहावीपर्यंत त्या कोंबड्याला परग्रहवासी समजत होता. दीप्तीचा आवडता एकोणिसावा, यंत्रमानव रडतो तो. रडता रडता त्याच्या कोपराची चिकटपट्टी सुटते. आम्ही दरवेळी त्यावर हसतो आणि दरवेळी आमच्याही डोळ्यांत पाणी येतं.

माझा चौदावा. ध्रुवयानातलं पाणी संपतं आणि यान एका ग्रहावर उतरतं, जिथे सगळ्या ग्रहाला मिळून एकच नळ आहे! परग्रहवासी बादल्या घेऊन रांगेत उभे. कॅप्टन रुबाबात पुढे घुसतो, तर एक तीन डोळ्यांची म्हातारी त्याला ओरडते, "कॅप्टन असशील तुझ्या घरी! मागे उभा राहा!" कॅप्टन गपचूप मागे जातो, नंबर लावून स्वतःचं हेल्मेट रांगेत ठेवतो आणि तेवढ्यात यान दुरुस्त करून येतो. त्याचा नंबर येतो आणि पाणी जातं. तेव्हा तीच म्हातारी आपली अर्धी बादली त्याच्या हेल्मेटमध्ये ओतते.

इंटरनेटवर कसेबसे नऊ भाग सापडतात, चौदावा त्यांत नाही. बाकीच्यांना तो आठवतही नव्हता. मला मात्र बादलीचा रंगसुद्धा आठवतो, निळा! लेखकाने अंतराळात नळ का आणला यावर मी ग्रुपवर अठरा परिच्छेदांचा लेख टाकला.

"स्पेसशिपसमोर बादल्या? काय यार, सुबोध!" केयूरने लिहिलं.

"तुला प्रतीकं कळायची नाहीत. तू कोंबडाच बघ!"

घाटकोपरच्या संघमित्राने तर हद्द केली. पंधराव्या भागात राक्षसाला गरम कुळथाची पिठी पाजून हरवतात, असं मी लिहिलं, तर ही म्हणते, "असं काही नव्हतंच." दोन मिनिटांत तिला ग्रुपमधून काढलं. शिस्त म्हणजे शिस्त!

मग एके दिवशी केयूरने बॉम्ब टाकला. मालिकेचे लेखक मधुकरराव बोरिवलीत राहतात, वय ब्याऐंशी, आणि सगळ्या भागांच्या संहिता त्यांनी फाइलमध्ये जपून ठेवल्या आहेत! आपल्या मेळाव्याला ते फाइल घेऊन येणार.

"फाइलीत नळ निघाला तर महिनाभर ग्रुपवर तुझी आरती ओवाळीन," केयूर म्हणाला. "नाही निघाला तर अॅडमिनपद सोडायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, 'मी चुकलो'."

"मंजूर!" मी म्हणालो. 'मी चुकलो' हे दोन शब्द मी लग्नाला वीस वर्षं झाली तरी बायकोसमोर उच्चारलेले नाहीत, तर केयूरसमोर कशाला उच्चारतोय!

मी कामाला लागलो. सोसायटीचा हॉल घेतला. आठ फुटी बॅनर छापून घेतला: वर यान, खाली बादल्यांची रांग. पाहुण्यांना आठवण म्हणून चाळीस छोट्या निळ्या बादल्या, प्रत्येकीवर 'ध्रुवयान, भाग १४'. थोरली बहीण जयंतीताई वडे करून घेऊन कांजूरमार्गहून आली आणि बॅनर बघून दारातच थबकली.

"सुब्या, हे काय रे?"

"चौदावा भाग गं! विसरलीस?"

"अरे, पण तो भाग ना..."

"ताई, नंतर! चटणी कुठाय?"

पाच मिनिटांनी तिने माझ्या शर्टाची बाही ओढली. "सुब्या, ऐक तरी. त्या नळाचं..."

"नळ मागच्या बाजूला आहे, हात धुऊन घे!"

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मधुकरराव हॉलमध्ये शिरत होते, त्यामुळे मी तिला वड्यांच्या टेबलामागे ढकलून पुढे धावलो.

मी त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि बादली दिली.

"बादली कशाला?" मधुकररावांनी विचारलं.

"सर, तुम्हाला नाही तर कुणाला कळणार!" असं म्हणून मी डोळा मारला. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला! त्यांनी केयूरकडे पाहिलं. केयूरने खांदे उडवले.

मग मी माइक घेतला आणि चौदावा भाग सांगितला. असा सांगितला की काय सांगू! म्हातारी ओरडली तेव्हा हॉल हसला. अर्धी बादली ओतली तेव्हा दीप्तीने रुमाल काढला. मधुकरराव टक लावून ऐकत होते. मी मनात आरतीचं ताट सजवायला घेतलं.

त्यांनी फाइल उघडली, चष्मा लावला.

"भाग चौदा. 'चुंबकीय वादळ'. कॅप्टनचा जुळा भाऊ सापडतो. यात नळ नाही. म्हातारीही नाही."

"पानं चिकटली असतील, सर!"

त्यांनी फाइल माझ्याकडे दिली. मी पानं सोडवली, उजेडात धरली, उलटी धरली. तेरा बघितला, पंधरा बघितला. पिठीसुद्धा नव्हती! चाळीस माणसं आणि चाळीस बादल्या माझ्याकडे बघत होत्या.

"सुबोध," केयूर म्हणाला, "दोन शब्द बोल."

"थांबा हो," मधुकररावांनी हात वर केला. "हे मी लिहिलेलं नाही, पण मला सुचलं असतं तर बरं झालं असतं. कुणाचं आहे हे?"

मागून, वड्यांच्या टेबलापासून आवाज आला.

"माझं."

ताई पदराला हात पुसत उभी होती.

"ताई, काहीतरी काय! तूच तर बघून येऊन मला सांगितलं होतंस..." वाक्य अर्धवट राहिलं, कारण तोंडातून काय गेलं ते माझं मलाच ऐकू आलं.

"तुला गोवर झाला होता रे," ताई म्हणाली. "तीन आठवडे. सामंतांकडे जायची बंदी. तू ध्रुवयान, ध्रुवयान करून रडायचास आणि ताप आणखी चढायचा. मग मी सांगितलं, मी बघून येते आणि तुला सगळं सांगते."

"मग हे असं का सांगितलंस? खरं सांगायचं ना!"

"खरं मी तरी कुठे बघितलं! त्या उन्हाळ्यात पाणी साताला यायचं. एरवी आई भरायची, पण ती तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसलेली. म्हणून मी नळावर. सामंतांच्या खोलीतून नुसतं संगीत ऐकू यायचं. रांगेत उभी राहून जे समोर दिसायचं, तेच घरी येऊन तुला सांगितलं. ती म्हातारी म्हणजे शेवटच्या खोलीतल्या कमलमावशी. पाणी गेलं तेव्हा त्यांनीच अर्धी बादली दिली मला."

तेरा वर्षांची होती ती. तिलाही ध्रुवयान माझ्याइतकंच आवडायचं. माझ्यापायी तिचं ध्रुवयान बुडलं आणि वर तिने मला अख्खं यान रचून दिलं, आणि मी मात्र मघाशी तिला चटणी विचारत होतो. माइक चालूच होता.

"ताई, मी चुकलो," मी म्हणालो.

केयूरने टाळी वाजवली नाही. तो नाक शिंकरत होता.

"मग खरा चौदावा भाग तुम्ही पाहिलाच नाही?" मधुकररावांनी विचारलं. "या, बसा इथे. मी वाचून दाखवतो."

ताईला पहिल्या रांगेत बसवलं. मधुकरराव वाचू लागले. चुंबकीय वादळ आलं, गेलं, परत आलं. जुळा भाऊ यंत्रांची नावं सांगू लागला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ताई माझ्या कानाशी वाकली.

"सुब्या, फारच रटाळ आहे रे. माझंच बरं होतं."

"मला ऐकू येतंय, ताई," मधुकरराव फाइलीतून मान वर न काढता म्हणाले. "आणि पटतंयही."

ग्रुपची अॅडमिन आता ताई आहे. दर गुरुवारी साताला ती एक नवा भाग स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवते आणि सगळे कामधाम सोडून ऐकतात. लोकांनी बादल्याही हौसेने नेल्या. एकच उरली आहे. ती घेऊन उद्या मला घाटकोपरला संघमित्राकडे जायचंय, कारण गोवर तीन आठवडे होता आणि पंधरावा भाग दुसऱ्या आठवड्यात लागला होता.