कळलंराव आणि डुकरिणीचं तेल

"या खेपेला अकराच्या अकरा जगवतो. एक जरी गेलं तर माझं नाव बदला!" असं डुकरं पाळणाऱ्या कळलंरावांनी बायकोला ठणकावलं. नाव तसं लोकांनी केव्हाच बदललं होतं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच "कळलं, कळलं" म्हणायची खोड, म्हणून कळलंराव. देवाने माणसाला कान दोन दिले. यांनी दोन्ही नुसते टोपी अडकवायला वापरले.

बायको हसली नाही. मागच्या वेताची नऊ पिल्लं तिने आपल्या हातांनी पुरली होती. आता एकही पुरायची वेळ आली, तर डुकरीण या दारात राहणार नाही, एवढंच ती म्हणाली.

कळलंराव जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले. त्यांनी समजावलं, डुकरीण पाजायला लागली की भरड्यातून रोज वाटीभर तेल द्या. दूध कसदार होईल, पिल्लं अंग धरतील.

"आणि तेल आणाल ते..."

"कळलं," म्हणत कळलंराव जिना उतरलेसुद्धा.

त्यांनी एकदम पिंपभर तेल आणलं आणि पातळ राहावं म्हणून झाकण काढून उन्हात ठेवलं. तीन आठवड्यांनी डुकरीण व्यायली, मोजून अकरा. धाकटी मूठभरच. बायकोने तिला चिमटी म्हणायला सुरुवात केली, आणि नाव ठेवलं की जीव गुंतलाच.

पहिल्याच वाटीला डुकरिणीने तोंड फिरवलं. कळलंरावांनी गोंजारलं, हात जोडले. शेवटी लहान मुलाला भरवतात तसा एक घास स्वतःच्या तोंडात घातला. कडूजहर! पण औषध कडूच असायचं, या समजुतीने गिळला. डुकरिणीने कौतुकाने पाहिलं, एक घास खाल्ला आणि थांबली. म्हणजे पुन्हा यांची पाळी.

चार दिवसांत तिने त्यांना चांगलं वळण लावलं. यांचे दोन घास, मग तिचा एक. तिचं दूध आटलं, यांचं पोट वाहू लागलं. पाचव्या दिवशी चिमटीची मान कलंडली, धुगधुगी तेवढी उरली. तिला सदऱ्यात गुंडाळून कळलंराव उंबऱ्यावर बसले. बायकोने कुदळ आणून भिंतीला टेकवली. त्या कुदळीकडे बघताना देवाकडे काय मागावं, तेही त्यांना सुचेना.

निरोप गेला, डॉक्टर आले आणि दारातच त्यांनी रुमाल नाकाला लावला. "केवढा खवट वास हा!"

वीस वर्षं डुकरांत राहून नवरा-बायकोची नाकं केव्हाच निवृत्त झाली होती. डॉक्टरांनी महिन्यापूर्वीचं वाक्य शांतपणे पुरं केलं. "...ते थोडंथोडं आणा, झाकण लावून सावलीत ठेवा. एवढंच राहिलं होतं."

ताजं तेल आलं. डुकरिणीने कुणाची वाट न बघता घमेलं चाटून लख्ख केलं. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे बायकोने चिमटीला दोन दिवस बोटाने दूध चाटवलं. आठवड्याने तीच चिमटी दहा भावंडांना ढकलून आपली जागा धरू लागली. अकराच्या अकरा!

कळलंरावांना मात्र डॉक्टरांनी पंधरा दिवस पातळ भात सांगितला, तेलाचा थेंब नाही. हे त्यांनी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं. बायकोने मायेने ताट पुढे ठेवलं. आता आपल्या नाकाचा काय भरवसा? कळलंरावांनी ताट उचललं आणि आधी डुकरिणीसमोर धरलं.

डुकरिणीने हुंगलं आणि तोंड फिरवलं.

कुदळ अजून भिंतीलाच टेकलेली होती. बायकोने आधी कुदळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.