राठोड सर आणि कट्टाभर माती

राठोड सरांना पाण्याचा पेला दिला की ते तो उजेडाकडे धरतात, एक डोळा मिटून पाहतात आणि टीपॉयवर ठेवून म्हणतात, "बसू द्या." तळाशी काही बसलं तर ते त्याच्याकडे कौतुकानं बघत राहतात. नाही बसलं तर हिरमुसतात. आमच्याकडे फिल्टर आल्यापासून त्यांचं येणं जरा कमीच झालंय.

सर माझे शेजारी. उमरखेडच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, तिथेच ते भूगोल शिकवतात. नदी किती माती वाहून नेते, वाटेत कुठे टाकते आणि त्यातली समुद्रकाठापर्यंत किती पोचते, हा त्यांचा संशोधनाचा विषय. त्यावरचे त्यांचे पेपर परदेशात छापून येतात. कॉलेजात ते कोणी वाचत नाही. मी एकदा प्रयत्न केला, पण सारांशाच्या पुढे माझी गाडी सरकली नाही.

"बसू द्या" हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं एकच औषध. स्टाफरूममध्ये जुंपली, बसू द्या. प्राचार्य तापले, बसू द्या. माझ्या मेहुण्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा सर सांत्वनाला आले आणि दोनच शब्द बोलून गेले. कोणते, ते सांगायला नको.

महागावला एका लग्नात वरणात खडे निघाले. आमची अख्खी पंगत आचाऱ्यावर तुटून पडली. सरांनी आपल्या दाताखालचा खडा काढला, धुतला आणि तळहातावर घेतला.

"पाहा, कसा गोल झाला. लय दुरून लोळत आला बिचारा. काहून शिव्या देऊन राह्यले?"

खडा रुमालात बांधून त्यांनी खिशात टाकला. मुलीकडच्यांना वाटलं, हे आता कुठे तरी तक्रार करणार. पंगत उठेपर्यंत सरांच्या पानात जिलेबी पडत राहिली.

सर मूळचे बंजारा तांड्यावरचे. "आमचे आजे-पणजे बैलायवर मीठ लादून समुद्राकडून इकडं आणत," ते छाती फुगवून सांगतात. "मी इकडची माती तिकडं कशी जाते ते पाहून राह्यलो. धंदा तोच हाय."

त्यांची मुलगी सुनीता नोकरीसाठी गोदावरीच्या मुखाकडे, आमच्या भागातलं पाणी शेवटी जिथे समुद्राला मिळतं तिथल्या एका काठावरच्या गावी गेली आणि तिथल्याच एका तेलुगू मुलाशी तिनं लग्न केलं. सर लग्नाला गेले नाहीत. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, रडल्या. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "बसू द्या." याला तीन वर्षं झाली. वहिनी मुलीशी फोनवर बोलायच्या आणि सर आतल्या खोलीत पेपर लिहीत बसायचे. मला त्यांचा मनापासून राग यायचा. गाळ बसायलासुद्धा इतका वेळ लागत नाही.

मध्यंतरी त्यांचा नवा पेपर छापून आला. सर पेढे घेऊन आले. मी विचारलं, "यात काय निघालं?"

"आपली माती समुद्रापर्यंत पोचूनच नाही राह्यली, भाऊ. धरणं मधातच अडवून घेतात. तिकडं किनारा झिजून राह्यला."

"झिजेना का. आपल्याला काय त्याचं?" मी सहज बोलून गेलो.

सरांनी समोरचा पेला उचलला आणि न पाहता रिकामा केला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते गेल्यावर मी तो पेपर उघडला आणि त्यातला नकाशा पाहिला. तो सुनीताच्या गावचा किनारा होता. मग आधीचे पेपरही काढले. लग्नानंतरचे सगळे तिथलेच होते.

दिवाळीच्या आधी वहिनी सांगत होत्या, "सुनीताच्या अंगणात नुसती रेती हाय. वांग्याचं रोप लावते अन् मरते." सर तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी स्टँडवर गेलो, तर नांदेडच्या गाडीत सर चढत होते. खांद्यावर सिमेंटच्या पोत्याचा जुना कट्टा होता, अर्धा भरलेला, तोंड सुतळीनं बांधलेलं.

"कट्ट्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"माती. आमच्या वावरातली."

"माती कायले? तिकडं नाही काय?"

"पोचत नाही," सर म्हणाले.

कंडक्टर माझ्याकडे बघायला लागला. वहिनी आधीच खिडकीशी बसल्या होत्या, फराळाच्या डब्यावर दोन्ही हात ठेवून. त्यांचा चेहरा पाहून मला फार बरं वाटलं. तरी माझी जीभ गप्प बसेना. मी विचारलं, "सर, सुनीता अजून रागात असेल तर?"

"असंनच," ते म्हणाले. त्यांनी कट्टा वर ठेवू दिला नाही, पायाशी ओढून घेतला. "लय पेपर लिहिले भाऊ तिच्या गावावर. तिले एकही धाडला नाही. म्हटलं, हे त हातानं नेऊन देऊ."