डबीतली मिशी

बालवाडीतल्या पालकांच्या नाटकात राणी व्हायला एकाही मुलाची आई तयार होईना, तेव्हा सलूनवाल्याने हात वर केला. त्याची लेक ठमी त्याच बालवाडीत होती. राणीला मिशी चालणार नव्हती, म्हणून लग्नाआधीपासून जोपासलेली झुपकेदार मिशी त्याने स्वतःच्याच वस्तऱ्याने उतरवली. पण गडी धंद्यात मुरलेला. बोडक्या ओठाच्या माणसाकडून मिशी कोरून घ्यायला गिऱ्हाईक बसेल कशाला? त्याने तेच केस जाळीच्या पट्टीवर एकेक करून बसवले आणि नवी मिशी येईपर्यंत दुकानात ही लावायची असं ठरवून पट्टी डबीत ठेवली.

नाटक झकास झालं. पंचाईत घरी आल्यावर झाली. ठमीने बापाच्या ओठावरून बोट फिरवलं.

"आता तू आई झालास?"

"नाही गं, मी बाबाच. कपड्यांनी काही होत नसतं. मिशीनेही नाही."

"मग झगा घातल्यावर सगळे तुला राणीसाहेब का म्हणत होते?"

दिवसभर गिऱ्हाइकांना गप्पांत गुंगवणारा हा माणूस चार वर्षांच्या पोरीपुढे झग्याची घडी घालत बसला. ठमीने तेवढ्यात घराचा आढावा घेतला. आया दोन आणि बाबा एकही नाही, हे काही तिला पटेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई पोस्टातून दमून आली, तशी ठमीने दुकानातून परत आलेली डबी उघडली आणि मिशी आईच्या ओठावर चिकटवली. मग बाबाने काय करायचं तेही सांगितलं. खुर्चीत बसायचं, पेपर उघडायचा आणि बसल्या जागेवरून म्हणायचं, मीठ बेताने घाल.

आईने आरशात पाहिलं. मिशी तिला शोभत होती. ती खुर्चीत टेकली, पाय लांब केले आणि म्हणाली, "मीठ बेताने घाल."

एक दिवसाची गंमत म्हणून सलूनवाल्याने भाजी केली. पण गंमत अंगाशी आली. रोज संध्याकाळी तो दुकानातून आला की बायको दारातच हात पुढे करायची आणि तो मुकाट्याने मिशी काढून द्यायचा. एकदा तर मिशी चुकून बायकोच्याच पर्समधून पोस्टात गेली आणि याला दिवसभर तोंडाला रुमाल बांधून दाढ्या कराव्या लागल्या. आपली खुर्ची कायमची गेली, या धास्तीने त्याची झोप उडाली. रोज सकाळी तो ओठाला तेल चोळू लागला.

अखेर मिशी आली, पहिल्यासारखी झुपकेदार. त्या संध्याकाळी तो पीळ देत ठमीसमोर उभा राहिला. "बघ, आला की नाही तुझा बाबा?"

ठमीने त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या आईकडे पाहिलं. "आता दोन बाबा झाले. भाजी कोण करणार?"

"आई करेल. तिची मिशी खोटी आहे."

"पण मिशीने काही होत नसतं, तूच म्हणालास ना?" ठमी म्हणाली. "तुझी भाजी छान होते. तूच कर."

सलूनवाल्याने बायकोकडे आशेने पाहिलं. तिने ओठावरची मिशी अलगद काढली, डबीत ठेवली, डबी त्याच्या हातात दिली आणि पुन्हा पेपर उघडला. तो स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला बसला.

"आणि मीठ," पेपराआडून आवाज आला.

"बेताने," तो म्हणाला.