एकसारखी दोन शिंगं

दोन वाजता संग्रहालयात पोहोचायचं होतं, आणि साडेअकराला ऑरिन थेयरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकसारखी दोन शिंगं पडली होती. त्यातलं एक एसाहेल कूम्ब्ज नावाच्या शिपायानं १७७६च्या हिवाळ्यात, सरोवराकाठच्या किल्ल्यात बसून चाकूनं कोरलेलं. बैलाचं शिंग, आत बंदुकीची दारू भरायची. वर किल्ला, दोन गलबतं, एक हरीण आणि स्वतःचं नाव. ऑरिननं ते तीस वर्षं जिवापाड जपलं होतं आणि आज तो ते संग्रहालयाला देणार होता. दुसरं शिंग म्हणजे त्याच्या मित्रानं, लायमन टटलनं केलेली हुबेहूब नक्कल.

"ओळख बघू खरं कुठलं!" म्हणत लायमननं दोन्ही टेबलाखाली नेऊन चार वेळा अदलाबदल केली. पाचव्या वेळी त्याचाच घोळ झाला.

"लेका, आता सांग तरी," ऑरिन म्हणाला.

"सांगतो की. थांब जरा." लायमनला घाम फुटला.

"काही खूणबीण केलीस का नाही?"

"केलीय ना. माझी आद्याक्षरं कोरलीत. आतून, लाकडी बुडावर."

"मग काढ बूड!"

"काढतो. कुठल्याचं काढू?"

ऑरिन मटकन खुर्चीत बसला. बूड घट्ट बसवायला कूम्ब्जनं ठोकलेल्या लाकडी खुंट्या उपसायला गेलं तर अडीचशे वर्षांचं शिंग तडकलंच म्हणून समजा.

त्यानं वास घेऊन पाहिला. पण लायमन जुन्या लढाया पुन्हा उभ्या करून दाखवणाऱ्या खेळात शिपाई व्हायचा आणि उन्हाळाभर नकलेतूनच बंदूक भरायचा, त्यामुळे दारूचा वास दोन्हींना. रंगही तोच, कारण नक्कल अक्रोडाच्या सालींच्या पाण्यात मुरवलेली.

"कोटाला घासून झिजलेली बाजू बघू," ऑरिनला सुचलं.

"ती मी हिवाळाभर पँटवर घासली. टीव्ही बघता बघता."

"इतकं चांगलं कशाला करायचं रे माणसानं!"

"तूच म्हणालास, हुबेहूब कर!"

"देऊन टाका दोन्ही," ऑरिनची बायको लोर्ना ओट्यापाशी घेवड्याच्या भांड्यात काकवी ओतत म्हणाली.

"अगं, कूम्ब्जचे वंशज येणारेत समारंभाला! त्यांच्या हातात याची पँट घासलेली वस्तू देऊ?"

"मग बसा भांडत. मी प्रुडन्सबाईंना फोन केलाय."

प्रुडन्स वॉडम्स एक्याण्णव वर्षांच्या. असली शिंगं पारखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता डोळ्यांनी दगा दिला होता, पण त्यांना त्याचं फारसं काही वाटत नसे. त्या आल्या, कॉफीला नको म्हणाल्या आणि पहिल्या शिंगावरून अंगठा फिरवू लागल्या. हरणापाशी अंगठा थांबला.

"इथं चाकू सटकलाय. थंडीनं बोटं बधिर झाली असतील बिचाऱ्याची. मग त्या सटकलेल्या रेघेचं त्यानं झाड केलंय. किती गोड माणूस असेल!"

मग दुसरं शिंग. इथं अंगठा बराच वेळ रेंगाळला.

"इथंही सटकलाय. पण इतक्या सुबकपणे चाकू कुणाचा सटकत नाही, पोरांनो. या रेघेला दोन दिवस लागलेत."

"तीन," लायमन चटकन बोलून गेला.

"हात मात्र देवानं दिलाय हो तुला," बाई म्हणाल्या. साठीतला लायमन लाजून लाल झाला.

तरी ऑरिनचा जीव थाऱ्यावर नव्हता. लायमननं दुसऱ्या शिंगाच्या खुंट्या उपटल्या तेव्हा त्यानं डोळेच मिटून घेतले. बूड निघालं. आत दोन अक्षरं होती, लायमनचीच. ऑरिननं खरं शिंग उचलून छातीशी धरलं आणि डोळे पुसले.

बाईंनी ती अक्षरं चाचपली. "एवढं सगळं करून नाव आत लपवलंस? कूम्ब्जनं बघ कसं अंगठ्याएवढं कोरलंय!"

"माझं कसलं नाव, बाई? मी आपला नक्कल करणारा."

"चाकू आहे ना खिशात?"

लायमननं तिथंच बसून हरणाखाली आपलं नाव कोरायला घेतलं. बाईंना दिसत नव्हतं, पण त्यांचं सगळं लक्ष तिकडेच. शेवटच्या अक्षराला त्याचा चाकू सटकला. गलबताच्या शिडापर्यंत लांबच लांब रेघ गेली.

"अरेरे, वाट लागली!" लायमन ओरडला.

प्रुडन्सबाईंनी त्या रेघेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि प्रसन्न हसल्या.

"हे झालं तुझं शिंग," त्या म्हणाल्या.