जिन्याआधीचं मानपत्र

सकाळी साडेसहाला सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्या बोळात वीरभद्रप्पांची पूजा सुरू व्हायची आणि ती अख्ख्या बोळाला ऐकू जायची. कारण पूजा करणारे वीरभद्रप्पा वरच्या मजल्यावर असायचे आणि पूजा सांगणाऱ्या त्यांच्या पत्नी नागव्वा खाली अंगणात, खुर्चीवर बसून, सुजलेला पाय स्टुलावर ठेवून.

"गंध लावलं का?" नागव्वा खालून ओरडायच्या.

"लावलं!"

"आणि विभूती?"

"लावतो की आता."

"शिवा शिवा! आधी विभूती, मग गंध! रोज सांगायचं का?"

"मग आता गंध पुसू का?"

"देवाला पुसताय काय? राहू द्या तसंच. घंटा वाजवा!"

घंटा वाजायची. समोरच्या शिवबाई आपल्या ओट्यावरूनच हात जोडायच्या; त्यांची देवळाची खेप वाचत होती. मग वीरभद्रप्पा रिकामी फुलांची परडी दातांत धरून, तोंड भिंतीकडे करून, शिडीच्या चौदा पायऱ्या एकेक करत उतरायचे. खाली येईपर्यंत चहावर साय धरलेली असायची.

ज्या माणसाने उभ्या जन्मात दुकानाचं कुलूप उघडताना कपाळाला हात लावण्यापलीकडे भक्ती केली नव्हती, त्याच्यावर ही वेळ आली ती एका जिन्यामुळे. म्हणजे नसलेल्या जिन्यामुळे.

वीरभद्रप्पांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं, असा तीस वर्षांचा धंदा. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरावर एक मजला चढवायचं ठरवलं आणि काम दिलं बिभीषण कंत्राटदाराला. बिभीषण माळशिरसकडचा, गोड बोलणारा गडी. खोली झाली, छत पडलं, रंगसुद्धा लागला. राहिला फक्त जिना. त्याचे पैसे बिभीषणने आधीच नेले होते आणि त्यानंतर तो रोज एकच वाक्य बोलत होता.

"उद्या टाकतो की अप्पा! जिना म्हंजी काय, दोन दिसाचं काम हाय."

या 'उद्या'च्या भरवशावर वीरभद्रप्पांनी मुहूर्त काढला, चारशे कार्डं स्वतःच छापली आणि वाटलीसुद्धा. गृहप्रवेश आठ दिवसांवर आला तरी जिन्याच्या जागी नुसतं भोक. नागव्वांनी डोक्याला हात लावला.

"पाहुण्यांना काय दाखवायचं? हे भगदाड?"

तेव्हा वीरभद्रप्पांना ती कल्पना सुचली. त्यांच्या धंद्यातूनच सुचली, दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

"त्याला मानपत्र देऊ," ते म्हणाले.

"कुणाला? बिभीषणला? जिना न बांधल्याबद्दल?"

"तुला नाही कळायचं. चारशे माणसांसमोर फेटा बांधला, शाल दिली, मानपत्र वाचलं, की माणसाला लाज वाटते. लाजेखातर तरी जिना बांधील. मी तीस वर्षं मानपत्रं छापतोय, मला माणूस कळतो."

मानपत्र दणक्यात झालं. सोनेरी अक्षरं, वेलबुट्टीची चौकट, वर काच. हात इतका बसलेला की मजकूर आपोआप उतरला: 'पायापासून छतापर्यंत एकही उणीव न ठेवता, दिलेल्या वेळेत, मालकाचे पूर्ण समाधान होईल असे काम आपण केलेत.' भोकासमोर बाळासो मांडववाल्याने झेंडूच्या माळा लावलेला जांभळा पडदा सोडला. त्याच्याच शिडीवरून पूजेला बोलावलेले स्वामी, घरचे आणि सत्कारमूर्ती वर गेले. स्वामींनी वरच्या खोलीत देव बसवले आणि बजावलं, "एकदा बसवलेले देव आता हलवायचे नाहीत." बिभीषणने फेटा बांधून घेतला, शाल घेतली, मानपत्र घेतलं. वीरभद्रप्पांनी कर्णा लावून, खालच्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं दहा मिनिटं भाषण केलं. मग खाली बोळात हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, पंगत बसली. दुसऱ्या दिवशी बाळासोने पडदा फाटल्याचं भांडण काढलं. कुणी फाडला ते कळेना. भाच्यापुतण्यांपैकीच कुणीतरी फाडला असेल असं धरून वीरभद्रप्पांनी दंड भरून टाकला.

आणि बिभीषण? त्याला लाज नाही वाटली, अभिमान वाटला. मानपत्र त्याने आपल्या गाडीत पुढच्या काचेला लावलं आणि ते दाखवून जुळे सोलापुरात तीन बंगल्यांची कामं धरली. फोन लावला की म्हणायचा, "अप्पा, तुमच्या पायी लई भरभराट झाली बगा! उद्या येतो."

देव वर, नागव्वा खाली. त्या लुगड्याचा काचा मारून, विकत आणलेली शिडी रोज दोनदा चढू लागल्या. साठीच्या बाईने किती दिवस चढावं? एका सकाळी वरून तिसऱ्या पायरीवर पाय सटकला. हाड वाचलं, पण घोटा असा मुरगळला की डॉक्टरने शिडीकडे बघायचंही नाही असं सांगितलं. त्या दिवशी वीरभद्रप्पा बायकोच्या पायाला हळद लावत बसले आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं. बिभीषणपेक्षा स्वतःचा जास्त राग आला. संध्याकाळी ते तडक वकील पूनमकडे गेले. ती त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी. तिच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनीच छापलेली.

"अप्पा, केस चांगली आहे," पूनम म्हणाली. "कंत्राटदार काम अर्धवट टाकून गेला तर ग्राहक आयोगाकडून भरपाई मिळू शकते. आपण फक्त दोन गोष्टी दाखवायच्या. काम अपुरं आहे, आणि ते पूर्ण झालं असं तुम्ही कुठं लिहून दिलेलं नाही. दिलं नाही ना?"

वीरभद्रप्पांना जोराचा ठसका लागला.

"पाणी देऊ?"

"नको. कुठं लिहून देतोय मी," ते म्हणाले आणि छताकडे बघू लागले.

पहिल्याच तारखेला बिभीषणचा वकील उठला आणि त्याने पिशवीतून काचेची चौकट काढली. सोनेरी अक्षरं ट्यूबलाइटच्या उजेडात चमकली. पूनमने आधी चौकटीकडे आणि मग वीरभद्रप्पांकडे असं पाहिलं की त्यांना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

आयोगाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा लावून ते मोठ्यांदा वाचलं. "'एकही उणीव न ठेवता... मालकाचे पूर्ण समाधान...' हे तुम्ही दिलंत?"

"होय, मॅडम."

"मजकूर कुणाचा?"

"माझाच."

"छापलं कुणी?"

"खाली बारीक अक्षरात आहे. मीच."

"मग तक्रार काय आहे?"

"जिना नाही, मॅडम."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. वीरभद्रप्पा हात जोडून म्हणाले, "मॅडम, मानपत्रात खरं कोण लिहितं? मी तीस वर्षांत ज्याला ज्याला 'कर्तव्यदक्ष' छापलंय, त्यातले निम्मे लोक अकराला कामावर यायचे. ती पद्धतच आहे. त्याला लाज वाटावी म्हणून लिहिलं हो!"

"आणि वाटली का?"

वीरभद्रप्पांनी बिभीषणकडे पाहिलं. तो मानपत्राकडे कौतुकानं बघत होता. "नाही," ते म्हणाले.

बिभीषणच्या वकिलाने मग फोटो दिला. फेट्यातला बिभीषण, शेजारी हसणारे वीरभद्रप्पा, मागे जांभळा पडदा. "जिना त्या पडद्यामागे आहे, मॅडम. सुंदर जिना. तक्रारदारांनी नंतर तो स्वतःच पाडला असेल, आम्हाला काय ठाऊक?" शिवाय त्याने मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण लावलं. त्यात वीरभद्रप्पा गहिवरून म्हणत होते, "असा कंत्राटदार होणे नाही!"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "हा तुकडा आहे. पुढच्या तारखेला सगळं चित्रीकरण आणा."

वीरभद्रप्पांचं धाबं दणाणलं. सगळं चित्रीकरण म्हणजे दहा मिनिटांचं अख्खं भाषण! त्यात त्यांनी बिभीषणला विश्वकर्म्याच्या शेजारी बसवलं होतं. ते धावत मृत्युंजयकडे गेले. मृत्युंजय म्हणजे नागव्वांचा धाकटा भाऊ. समारंभांची चित्रीकरणं करायचा, आणि तासावर पैसे घेत असल्यामुळे कॅमेरा कधीच बंद करायचा नाही.

"माझं भाषण तेवढं कापता येईल का रे?"

"कापलं की लगेच कळतंय, दाजी. चार तासांचं हाय. मी तरी कुटं बघितलंय सगळं? कॅमेरा लावून जेवायला गेलतो की मी."

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी वीरभद्रप्पांनी विभूती आधी लावली, मग गंध, आणि घंटा न सांगता वाजवली. वर देवासमोर ते पहिल्यांदाच आपण होऊन बोलले. "माझं जाऊ दे. तिला पुन्हा ही शिडी चढायला लावू नकोस," ते म्हणाले.

तारखेला आयोगात भिंतीवर चित्रीकरण लागलं. पहिला तास स्वामींचे मंत्र. मग भाषण. दहा मिनिटं वीरभद्रप्पा मान खाली घालून स्वतःच्या तोंडून बिभीषणची स्तुती ऐकत बसले. बिभीषण दोनदा मान डोलावून दाद देत होता. भाषण संपलं तसा त्याचा वकील म्हणाला, "आता पुढं नुसती पंगत आहे, मॅडम. बंद करू?"

"राहू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांना बहुधा हुग्गी बघायची होती.

भिंतीवर आता वरची रिकामी खोली दिसत होती. सगळे जेवायला खाली गेलेले. एकटा बिभीषण कोपऱ्यात फोनवर बोलत होता, खांद्यावर शाल, काखेत मानपत्र. "व्हय व्हय, तुमचाबी जिना उद्याच टाकतो," तो कुणाला तरी सांगत होता. फोन ठेवून तो जांभळ्या पडद्याकडे गेला. पडदा सारला. खाली वाकला. मग त्याचा आवाज आयोगाच्या खोलीत घुमला.

"ओ बाळासो! शिडी कुटं न्हेताय?"

खालून बाळासोचा आवाज आला, "होटगी रोडला दुसरा कार्यक्रम हाय! तुमी जिन्यानं या की!"

"जिना कुटं हाय हितं?"

"तुमीच तर बांदलाय न्हवं? आत्ताच मानपत्र दिलं की!"

"अवो मानपत्र दिलं म्हून जिना येतोय व्हय? बांदलाच न्हाय मी अजून! शिडी लावा!"

बाळासोचा टेम्पो गेल्याचा आवाज आला. मग पाच मिनिटं बिभीषण खोलीत येरझारा घालत होता. शेवटी त्याने मानपत्र शालीत गुंडाळून गळ्यात अडकवलं, दोन्ही हातांनी पडदा धरला, शिवाचं नाव घेतलं आणि भोकातून खाली दिसेनासा झाला. टर्रकन आवाज आला. पडदा वरपासून खालपर्यंत फाटला.

"दंड मी भरला त्याचा!" वीरभद्रप्पा उभे राहून ओरडले.

अध्यक्षबाईंनी पदर तोंडाला लावला होता. बिभीषणचा वकील कागद गोळा करू लागला होता. निकालात लिहिलं गेलं की मानपत्र हा काम पूर्ण झाल्याचा दाखला होत नाही, तक्रारदार भरपाईस पात्र आहे आणि कंत्राटदाराने तीस दिवसांत जिना बांधून द्यावा. तोंडी मात्र बाई एवढंच म्हणाल्या, "अप्पा, यापुढं आधी जिना, मग मानपत्र."

भरपाई आली, बिभीषण काही आला नाही. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी सहा वाजता तो उगवला, हातात मोजपट्टी आणि तेच गोड हसू घेऊन.

"मापं घिऊन जातो अप्पा. काम उद्या सुरू करतो," म्हणत तो सरसर शिडी चढून वर गेला.

नागव्वा खुर्चीतून उठल्या. लंगडत भिंतीपाशी गेल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "धरा त्या बाजूनं."

"काय?"

"शिडी."

वीरभद्रप्पांना क्षणभर काही समजलं नाही. मग समजलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा एवढा अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता. दोघांनी शिडी उचलून भिंतीकडेला आडवी केली.

वरून डोकं बाहेर आलं. "अक्का! शिडी?"

"वाळू-सिमेंट आणि गवंडी दारात आल्याबिगर शिडी लागायची न्हाय."

"आन् मी उतरू कसा?"

"फोन हाय की हातात. बोलीव सगळ्यांना. पडदाबिडदा न्हाय आता, उगं उडी मारशील."

बिभीषणने फोन लावला. एक लावला, दोन लावले. पलीकडून बहुतेक सगळे 'उद्या' म्हणत असावेत, कारण त्याचा आवाज चढत गेला. "आरं उद्या काय म्हंतोस? आत्ता ये! मानूस हितं वर लटकलाय!" शेवटी तो दमून म्हणाला, "निगालेत अक्का. तासाभरात येत्याल."

"बरं झालं. आंघोळ करून आलास न्हवं?"

"व्हय की. का?"

"मग रिकामा कशाला बसतोस? परडी तितंच हाय, काल अप्पांनी वरच ठेवलीय. त्यात उरलेली फुलं हायत. दिवा लाव."

शिवबाई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. वर काडी ओढल्याचा आवाज आला.

"आधी विभूती!" नागव्वा ओरडल्या. "मग गंध! आणि घंटा नीट वाजव!"

घंटा वाजली. वीरभद्रप्पांनी स्टुलावर पाय ठेवून कप उचलला. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चहातून वाफ येत होती.