घाटाचा राजा आणि टेबल क्रमांक नऊ

खोक्यात दोन बैल होते. शिंगं चार, त्यांपैकी एक डावीकडे अंदाजे सहा अंश कललेलं. गाडा एक, चाकं दोन, गाडीवान एक आणि त्याच्या हातात आसूड एक. सगळं सोनेरी. खाली लाकडी बैठक आणि तिच्यावर पितळी पट्टी: 'घाटाचा राजा, प्रथम क्रमांक'. विमान मात्र शून्य.

सुश्रुतने खोक्यात पुन्हा हात घातला. कागदाचे अकरा बोळे निघाले.

"दादा," शेजारी उभ्या असलेल्या वल्लरीने विचारलं, "नॅटला शिंगं असतात?"

सुश्रुतने खोकं उलटं करून हलवलं. नॅट या जुन्या लढाऊ विमानाची एकास सोळा प्रमाणातली प्रतिकृती त्याने ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून पंधरा महिने खपून बनवली होती. तिच्यात एक हजार एकशे त्रेसष्ट रिव्हेट होते आणि ते त्याने ठोकताना एकदा आणि ठोकून झाल्यावर एकदा असे दोनदा मोजले होते. आज रविवारी लोणावळ्यात, तुंगार्लीतल्या एका शाळेच्या सभागृहात धातूच्या प्रतिकृतींची स्पर्धा होती. ज्याची मापं सर्वांत अचूक, त्याला एका विमान संग्रहालयाच्या कार्यशाळेत वर्षभराची शिकाऊ जागा मिळणार होती. जागा एकच. ती हुकली, तर पहिल्या तारखेपासून मामाच्या ओळखीने कारखान्यात बाटल्यांची बुचं मोजायला जायचं, असं घरात ठरलं होतं.

विमान काल दुपारपर्यंत व्यवस्थित होतं. घोरावाडी स्टेशनजवळ नंदाबाईंचं ट्रॉफ्यांचं दुकान आहे. तिथे सुश्रुतने विमानाला लाकडी बैठक बसवून घेतली होती आणि खोकं बांधूनच घेतलं होतं. त्याने नंदाबाईंना फोन लावला.

"मावशी, माझ्या खोक्यात बैल निघालेत."

"मग बरोबर आहे की. बैलगाडा कमिटीचं ना? थांब जरा, कोण बोलतंय?"

"विमानवाला."

पलीकडे लोकलचा भोंगा वाजला.

"अगं बाई! म्हणजे काल टाकव्याकडच्या शर्यतीच्या घाटात पहिलं बक्षीस म्हणून..."

"कोणाला दिलं?"

"रखमाजीला. त्याचा पाखऱ्या नावाचा बैल आहे बघ, त्याच्या गाड्याला. पण कमिटीवाल्यांचा काही तक्रारीचा फोन नाही आला रे! उलट पुढच्या वर्षीही असलंच द्या म्हणाले."

तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. स्पर्धेची नियमावली सुश्रुतला पाठ होती. नियम चार: बारा वाजता जे टेबल रिकामं दिसेल, ते बाद. नियम सात: मांडलेली वस्तू चार वाजता मापं होईपर्यंत स्पर्धकाने हलवू नये.

"तू जा," वल्लरी म्हणाली. "मी टेबल सांभाळते."

"कशाने?"

तिने बैलांकडे पाहिलं.

सुश्रुत स्कूटर घेऊन निघाला. कान्हे फाट्यापर्यंत तेवीस मिनिटं, तिथून आत वीस. रखमाजीचं घर विचारावं लागलं नाही. हलगीच्या आवाजाच्या दिशेने गेलं की घर येत होतं.

अंगणात दोन टेबलं एकावर एक ठेवली होती. वर हिरवी चादर, आणि तिच्यावर नॅट. नाकापासून शेपटापर्यंत गुलाल, दोन्ही पंखांवर हळदीची बोटं, पुढच्या चाकाला काळा दोरा. समोर पाखऱ्या नावाचा पांढरा बैल कडबा खात होता. त्याच्या अंगावरही गुलाल होता, पण प्रमाणाने कमी.

"काका, हे विमान माझं आहे," सुश्रुत म्हणाला.

रखमाजीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. साठीचा, सडपातळ, मिशांनाही गुलाल. "तुजा गाडा किती सेकंदात आला?"

"माझा गाडा नाही. खोकी बदलली. तुमची ट्रॉफी माझ्याकडे आलीय. दोन बैलांची, सोनेरी."

"आरं, काल दिसभर भोंग्यावरचा गडी वरडत हुता, 'इमान सुटलंय, इमान!' अकरा सेकंद चौऱ्याण्णव! मंग कमिटीनं इमान दिलं. ह्यात चूक कुटं हाय?"

"व्हय की!" हलगीवाला म्हणाला. "खोकं उघडल्यावर अख्खा घाट नाचला. भोंग्यावरच्या गड्याच्या तर डोळ्यांत पानी आलं."

सुश्रुतला यात तर्कदोष सापडेना. त्याने मोबाइलमधले फोटो काढून दाखवले: नुसता सांगाडा, मग अर्धा पत्रा, मग एक पंख, मग दोन. रखमाजीने एकूण बावीस फोटो पाहिले आणि शेवटी मान हलवली.

"म्हंजी तूच बनवलंस. समदं हातानं?"

"हो."

"लय भारी." त्याने पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "पन बक्षीस पाखऱ्याचं हाय. त्येची ट्रॉफी दे, तुजं इमान ने. मोकळ्या हातानं न्हाई सोडायचो."

तेवढ्यात वल्लरीचा फोन आला.

"दादा, टेबल वाचलं. पण परीक्षक आलेत. कर्णिकसाहेब म्हणून आहेत, हवाई दलाच्या वर्कशॉपमधून निवृत्त. खिशाला पेन लावतात तसा व्हर्नियर कॅलिपर लावलाय."

"त्यांनी बैल पाहिले?"

"नुसते पाहिले नाहीत. मोजतायत. मला विचारलं, प्रमाण काय? मी म्हटलं, एकास चौदा."

"एकास चौदा कुठून काढलंस?"

"काहीतरी सांगायला नको? आता म्हणतायत, शेपूट लांब आहे. आणि दादा, ट्रॉफी मला हलवता येणार नाही. नियम सात."

सुश्रुतने फोन ठेवला आणि परिस्थिती मांडून पाहिली. ट्रॉफी मिळाल्याशिवाय विमान सुटत नाही. विमान आल्याशिवाय ट्रॉफी सुटत नाही. मग त्याला दिसलं, की नियम सातमध्ये 'स्पर्धकाने' असा शब्द आहे. मालकाबद्दल त्यात काहीच नाही.

"काका, तुम्हीच चला ना लोणावळ्याला. तुमची ट्रॉफी तुम्ही उचला, मी त्याच क्षणी विमान ठेवतो."

"चला," रखमाजी लगेच म्हणाला. "पन बक्षीस ज्याचं, त्यो पन येनार."

ड्रायव्हरसकट मागवलेल्या पिकअपमध्ये फळी लावून पाखऱ्याला चढवण्यात पंचवीस मिनिटं गेली. त्यानंतर हलगीवाल्याला भूक लागली. मग रखमाजीची बायको सरुबाई लुगडं बदलून आणि हातात पिशवी घेऊन बाहेर आली. "ह्यांच्या हातून वस्तू हरवत्यात," एवढंच कारण सांगून ती पुढे बसली. अडीच वाजता गाडी निघाली. सुश्रुत मागे बैलाशेजारी, मांडीवर नॅट घेऊन बसला. कान्हे फाट्याजवळ पाखऱ्याने डावा पंख चाटला. दोनदा.

तीन वाजून सत्तावीस मिनिटांनी गाडी थांबली. लोणावळ्यात रविवारची गर्दी होती. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधे चिक्कीच्या पिशव्या घेतलेले पर्यटक. दहा मिनिटांत पिकअप चार मीटर सरकला.

"किती ऱ्हायलंय?" रखमाजीने विचारलं.

"एक किलोमीटर दोनशे मीटर. वेळ तेवीस मिनिटं."

"मंग गाडीत बसून काय करायचंय? फळी लाव रं!"

पाखऱ्या उतरला. हलगी कडाडली. रखमाजीने कासरा हातात घेतला आणि बैल दुडक्या चालीने निघाला. गर्दी आपोआप दुभंगली. जे भोंग्याने हलत नव्हते, ते शिंगांनी हलले. कोणी व्हिडिओ काढू लागलं, कोणी शिट्ट्या मारल्या. मागून सुश्रुत विमान दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पळत होता. खाली माणूस, वर विमान, पुढे बैल, आणि बाजूने लुगडं सावरत सरुबाई, तीही त्याच वेगात.

"इमान सुटलंय, इमान!" हलगीवाला बेंबीच्या देठापासून ओरडला.

सुश्रुत पंधरा महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसला. धाप लागलेली असताना हसू नये हे त्याला ठाऊक होतं, तरी हसला. वळणावर त्याचा एक बूट निसटला. तो थांबला नाही.

तीन वाजून एकावन्न मिनिटांनी वरात सभागृहाच्या दारात पोहोचली. पाखऱ्याला अंगणातल्या झाडाला बांधलं. टेबल क्रमांक नऊपाशी कर्णिकसाहेब कॅलिपर घेऊन उभे होते.

"ही वस्तू कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माजी," रखमाजी म्हणाला.

"मालक नेत असतील तर मी अडवणार नाही. मात्र टेबल क्षणभरही रिकामं राहता कामा नये."

"एक, दोन, तीन!" वल्लरी म्हणाली. बैल उचलले गेले आणि विमान टेकलं.

रखमाजीने आपली ट्रॉफी पहिल्यांदाच नीट पाहिली. त्याचा चेहरा पडला. "ह्ये काय? दोनच बैल? आमच्या गाड्याला चार असत्यात. म्होरं घोडी असती. आन् शेपूट बगा, गायीवानी!"

"बारा टक्के लांब आहे," कर्णिकसाहेब म्हणाले.

"बगा! शान्या मानसाला लगीच कळतं!"

कर्णिकसाहेबांनी नॅटची लांबी, पंखांचा विस्तार आणि उंची मोजली. तिन्ही बरोबर. उरलं वजन. अर्जात लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत तीन ग्रॅमहून जास्त फरक आला, तर प्रतिकृती बाद. त्याच्या आत ज्याचा फरक सर्वांत कमी, तो पहिला. टेबल क्रमांक चारवरच्या विमानाचा फरक दोन ग्रॅम आला होता. सुश्रुतने अर्जात बैठकीशिवाय आठशे बेचाळीस ग्रॅम लिहिले होते.

बैठकीचे स्क्रू काढून विमान काट्यावर ठेवलं. आठशे एकसष्ट.

"गुलाल," सुश्रुत म्हणाला. त्याने ब्रशने गुलाल झाडला, वल्लरीने ओल्या फडक्याने हळद पुसली, फडक्याचं पाणी टिपून घेतलं. आठशे एकावन्न. रखमाजीने स्वतः काळा दोरा सोडला. त्याला एक बिब्बा बांधलेला होता. आठशे एकोणपन्नास.

चार वाजायला तीन मिनिटं. सात ग्रॅम जास्त. पंधरा महिन्यांत सुश्रुतचा वजनाचा हिशेब कधी चुकला नव्हता. त्याने मोबाइलचा टॉर्च लावून कॉकपिटच्या पारदर्शक झाकणातून आत पाहिलं.

"आत कोणीतरी बसलंय," तो म्हणाला.

"त्यो व्हय?" सरुबाई पुढे आली. "मीच बसवलाय. इमान काय आपलं आपन उडतंय? चालवाय कुनी नगं?"

वैमानिकाच्या जागी, आसनावर बरोबर मधोमध, हळद-कुंकू लावलेली सुपारी होती.

"मावशी, काढा ना ती. पटकन."

"बसवल्याला द्येव असा उचलत्यात व्हय? आदी अक्षता टाकाव्या लागत्यात." तिने पिशवीतून पुरचुंडी काढली आणि मूठभर तांदूळ घेऊन विमानावर हात उगारला.

"विमानावर नको!" सुश्रुत आणि कर्णिकसाहेब एकदमच ओरडले.

"वजन वाढेल," कर्णिकसाहेबांनी जरा ओशाळून पुस्ती जोडली. त्यांनी टेबलावर एक कागद पसरला. सरुबाईने पंखाच्या बाजूला, कागदावर, मोजके दाणे टाकले, डोळे मिटून काहीतरी म्हटलं, झाकण उघडलं आणि दोन बोटांनी सुपारी उचलली.

"पन काम झालं की परत बसवायचा," तिने बजावलं. "रिकामं इमान मी दारातनं जाऊ द्यायची न्हाई."

कर्णिकसाहेबांनी नियमावलीची पानं उलटली. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "नियम अकरा. प्रतिकृतीत वैमानिक बसवला असल्यास त्याचं वजन वेगळं नोंदवावं."

चार वाजले. बाहेर पाखऱ्या हंबरला. विमान काट्यावर ठेवलं, मग उचललं, मग त्याच काट्यावर सुपारी ठेवली. कर्णिकसाहेबांनी खिशातलं पेन शोधलं, तिथे कॅलिपरच होता. वल्लरीने आपलं पेन पुढे केलं. तक्त्यात टेबल क्रमांक नऊच्या रकान्यात त्यांनी लिहिलं:

प्रतिकृती: ८४२ ग्रॅम. वैमानिक: ७ ग्रॅम.