मांडवाची शेवटची मेढ

माणिकराव आमच्या घरून कधी सरळ गेलेच नाहीत. चहा झाला की आधी कप मोरीत, मग पंखा बंद, मग खुर्ची होती त्या जागी, शेवटी चपला. आले त्याच्या बरोबर उलटं. बायको म्हणायची, "पावना येऊन गेला का न्हाई, पत्ताच लागंना."

परभणीत आम्ही दोघं एकाच कॉम्प्युटर ऑफिसात. प्रिंटर-बिंटर मशीनला जोडून देणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लिहायचो. जोडायचा भाग माझा, कारण त्यात मिरवता यायचं. प्रिंटर काढल्यावर मागचं आवरायचा भाग माणिकरावांचा. जे आधी घेतलं ते शेवटी सोडायचं, हा त्यांचा हट्ट. मी मोठ्या हौशीनं त्यांच्या भागातही प्रत्येक ठिकाणी 'काढणं जमलं नाही' असं उत्तर द्यायची सोय ठेवली होती. त्यांनी ती सगळी खोडली.

"शेषराव, निघणाऱ्याचं 'न्हाई' कोण ऐकायलंय? गप आवरायचं अन् निघायचं. एकच बघायचं, कुणी अजून धरून हाय का. धरलेलं तसंच ओढून काढलं की मशीन अडकून गार."

मला लय राग आला. पण त्यानंतर मशीन अडकायचं थांबलं, हे कबूल करावंच लागतं.

त्यांच्या गावी, झरीला, कुणाचाही मांडव उतरवायला यांनाच बोलावणं. डहाळे, वासे, खांब, आणि सर्वांत आधी रोवलेली मुहूर्तमेढ सर्वांत शेवटी. तासाभरात अंगण मोकळं.

मग त्यांच्याच लेकीचं, सुमनचं लग्न निघालं. तिची आई गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. आता हा माणूस एकटा कसा राहणार, याचा घोर आम्हालाच जास्त. पाठवणीला सगळं गाव रडत होतं आणि हे जीपमध्ये बॅगा लावत होते. "बस बाई, ऊन व्हायलंय," एवढंच बोलले.

मांडवपरतणीला लेक-जावई येऊन गेले. पोरगी खुशीत होती, तिला बघून हेही खुशीत. दुसऱ्या दिवशी आम्ही मांडव उतरवला. डहाळे गेले, वासे गेले, खांब गेले. मी कुदळ घेऊन मेढीपाशी आलो.

"ऱ्हाऊ द्या ती," माणिकराव म्हणाले.

"का हो? सगळं तर निघालं."

"कुणीतरी धरून हाय अजून."

मी पाहिलं. मेढीला त्यांचाच हात होता. मी कुदळ भिंतीला टेकवली आणि चहा ठेवायला आत गेलो.